विरजण आणि विवेक

बालाघाटाच्या डोंगररांगांत पसरलेल्या बीड जिल्ह्यातील हजारो घरांना दसरा-दिवाळीच्या सुमारास कुलपे लागतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ या हिशेबाने मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे आपला संसार गाडीत भरतात आणि पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पाच-सहा महिन्यांनी गाळपाचा हंगाम संपतो, ‘पट्टा पडतो’, तेव्हा ती परत येतात. घर झाडून होते, चूल पेटते, कुठूनतरी आणलेले दूध तापून कोमट होते. आणि मग घरची बाई वाटी घेऊन शेजारच्या दारात उभी राहते. ‘‘काकू, चमचाभर इरजण देता का?’’

शेजारीण विरजण देते. ती ते मोजत नाही, त्याचे पैसे घेत नाही आणि कधी परतही मागत नाही. तिला ठाऊक असते की, उद्या आपले दही नासले तर आपल्यालाही हीच वाटी घेऊन तिच्या दारात जावे लागेल. त्या चमचाभर दह्यात कोट्यवधी जिवाणू असतात, हे दोघींपैकी कुणाच्याही मनात येत नाही. जिवाणू मात्र रात्रभरात आपले काम चोख करतात आणि सकाळी पातेलेभर दही लागलेले असते.

आज या साध्या वाटीकडे जगभरातील प्रयोगशाळा नव्या दृष्टीने पाहू लागल्या आहेत. पोटाला उपकारक असलेल्या जिवाणूंच्या जनुकांत बदल करायचा, त्यांना माणसाच्या आतड्यात नेमून दिलेल्या कामाला लावायचे, आणि मधुमेह, यकृतात साचणारी चरबी, जन्मजात चयापचयाचे दोष अशा विकारांवर त्यांच्याकडून उपाय करून घ्यायचा, असे हे प्रयत्न आहेत. उद्या असे जिवाणू दह्या-ताकातून आपल्या ताटात आले, तर आपण ते स्वीकारावेत काय? हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही, तो आपल्या सदसद्विवेकबुद्धीचाही आहे. आणि मला असे वाटते की, त्याचे उत्तर शोधताना वाटी घेऊन दारात उभ्या असलेल्या त्या बाईला आपण नजरेआड होऊ देता कामा नये.

प्रथम हे काम कसे चालते ते पाहू. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, आल्फ्रेड निस्ले या जर्मन डॉक्टरांनी एका सैनिकाच्या विष्ठेतून एक जिवाणू वेगळा काढला. भोवतालचे सैनिक हगवणीने बेजार झाले असताना हा एक सैनिक धडधाकट राहिला होता. त्याला वाचवणारे काही त्याच्या आतड्यातच असावे, असा निस्ले यांचा तर्क होता आणि तो बरोबर ठरला. ‘एशेरिकिया कोलाय’ या कुळातील हा जिवाणू आहे. या कुळाचे नाव ऐकून दचकण्याचे कारण नाही. एकाच आडनावाच्या माणसांत जशी सज्जन आणि दुर्जन दोन्ही असतात, तसेच येथेही आहे. ‘निस्ले १९१७’ याच नावाने हा जिवाणू शंभराहून अधिक वर्षे औषध म्हणून ओळखला जातो, आणि जनुके बदलण्याच्या अनेक प्रयोगांसाठी शास्त्रज्ञांनी त्याचीच निवड केली आहे.

असा एक प्रयोग आपल्या मराठी माणसाला आपुलकी वाटावी अशा ठिकाणी झाला. बडोद्याला सयाजीराव गायकवाड यांच्या नावाचे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. तेथील जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक जी. नरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली आपले संशोधन प्रसिद्ध केले. ते समजण्यासाठी साखरेविषयी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. साखरेचा प्रत्येक रेणू दोन शर्करांच्या जोडीने बनलेला असतो. त्यातील एक ग्लुकोज आणि दुसरी फ्रुक्टोज. फ्रुक्टोजचा निचरा करण्याचे काम बव्हंशी यकृतावर पडते. ते प्रमाणाबाहेर गेले की यकृतात चरबी साचू लागते, रक्तातील स्निग्ध पदार्थ वाढतात आणि पुढे साखरही वाढते. बडोद्याच्या संशोधकांनी उंदरांना दोन महिने २० टक्के फ्रुक्टोज मिसळलेले पाणी प्यायला दिले. त्यांतील काही उंदरांना आठवड्यातून एकदा निस्ले जिवाणूचा डोस देण्यात आला. हा जिवाणू साधा नव्हता. आतड्यातील फ्रुक्टोज पकडून त्याचे मॅनिटॉलसारख्या दुसऱ्या पदार्थात रूपांतर करणारी, आणि पेशींना झिजेपासून वाचवणारे एक द्रव्य तयार करणारी जनुके त्यात बसवलेली होती. ज्या उंदरांना हा जिवाणू मिळाला, त्यांच्या यकृताची हानी कमी झाल्याचे दिसून आले.

ही हकिकत ऐकून कुणी हुरळून जाऊ नये, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली ही की, हा प्रयोग उंदरांवरचा आहे. दुसरी ही की, माणसांवरील प्रयोगांत ही वाट अजून खडतरच आहे. फिनाइलकीटोन्यूरिया नावाचा एक जन्मजात विकार आहे. त्यात प्रथिनांतील एक घटक बाळाच्या शरीरात साचत जातो आणि वेळीच पथ्य सुरू केले नाही तर मेंदूला कायमची इजा होते. तो घटक आतड्यातच संपवील असा बदललेला निस्ले जिवाणू अमेरिकेतील एका कंपनीने तयार केला. आरंभीचे निष्कर्ष आशादायक होते. परंतु मोठ्या चाचणीत अपेक्षित यश मिळण्याची शक्यता नाही असे दिसल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये ती थांबवण्यात आली. तेव्हा ‘आमच्या दह्यातील खास जिवाणू मधुमेह बरा करतात’ असे सांगत कुणी दारात आले, तर त्याला नम्रपणे नमस्कार करून निरोप द्यावा. पण वस्तू बाजारात येण्याआधी विचार करून ठेवणे केव्हाही बरे. ती एकदा आली की विचाराला सवड मिळत नाही.

आपल्या समाजात या विषयावर पहिला आक्षेप निघेल तो असा की, ही परमेश्वराच्या निर्मितीत केलेली ढवळाढवळ आहे. हा आक्षेप भाविक मनातून येतो आणि त्याची टिंगल करणे योग्य होणार नाही. तरीपण तो घेणाऱ्याने आपल्या घरातील फ्रिज उघडून पाहावा. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांत इन्सुलिनची कुपी असते. पूर्वी ते डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढीत. मानवी इन्सुलिन तयार करणारे जनुक जिवाणूत बसवून केलेले औषध १९८२ साली प्रथम मंजूर झाले आणि तेव्हापासून लक्षावधी माणसे त्याच्या आधारावर जगत आली. त्या कुपीसाठी आपण देवाचे आभारच मानतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली काढलेल्या ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकातही जनुकीय बदलाला सरसकट होकार वा नकार दिलेला नाही. धोका नेहमी तंत्रातच असतो असे नसून अनेकदा त्याच्या अयोग्य किंवा अतिरेकी वापरात असतो, असा त्यांचा आशय आहे.

अर्थात इन्सुलिनची कुपी आणि जिवंत जिवाणू यांत एक मोठा फरक आहे. इन्सुलिन बनवणारा जिवाणू कारखान्याच्या टाकीत राहतो. आपल्या शरीरात जाते ते त्याने बनवलेले द्रव्य. येथे मात्र कामगारच आपल्या घरी मुक्कामाला येणार आहे. तो वाढू शकतो, शरीराबाहेर पडू शकतो, आपले गुण दुसऱ्या जिवाणूला देऊ शकतो. जिवंत वस्तू आपल्या हिशेबाने चालत नाही, हे मराठवाड्याच्या शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. बीटी कापसाला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. आरंभीची काही वर्षे बोंडअळीचा त्रास खरोखरच कमी झाला. मग गुलाबी बोंडअळीने त्या विषाला दाद देणे बंद केले आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांची उभी बोंडे पोखरली गेली. तंत्र खोटे नव्हते. पण सृष्टी मुकी नसते, ती उत्तर देते, याचा आपल्याला विसर पडला होता.

संशोधकांनाही याची जाण आहे. वर सांगितलेल्या अमेरिकन जिवाणूतून त्यांनी एक जनुक मुद्दाम काढून टाकले होते. त्यामुळे आपल्या पेशीची भिंत बांधायला लागणारा एक घटक त्याला स्वतः तयार करता येत नव्हता, आणि तो बाहेरून पुरवल्याशिवाय त्याची वाढ होत नव्हती. आपल्या देशातही जनुके बदललेल्या सूक्ष्मजीवांसाठी १९८९ साली केलेले नियम आहेत. असा जीव घरात आणताना शेजाऱ्याचाही विचार झाला पाहिजे, कारण विहीर, नाला आणि शेत ही सर्वांची आहेत. ही काळजी घेतली जात असेल, तर जिवाणूच्या जनुकात बदल करणे हेच मुळात पाप आहे असे म्हणण्याला मला आधार सापडत नाही.

दुसरा आक्षेप याहून खोलवर जाणारा आहे, आणि तो नास्तिकाइतकाच आस्तिकाच्याही तोंडी ऐकू येतो. ‘‘माणसाने जिभेवर ताबा ठेवायचा नाही, बसल्या जागेवरून उठायचे नाही, गोडधोड हवे तेवढे खायचे, आणि मग जिवाणूने ते निस्तरायचे! ही तर खादाडपणाला मोकळीकच झाली. संयम हा सद्‌गुण. तो औषधाच्या बाटलीत भरला की माणूस आळशी होणारच.’’ ख्रिस्तसभेने सात प्रमुख पापांत खादाडपणाची गणना केली आहे, हे आपण लहानपणी धर्मशिक्षणात शिकलेलो असतो. त्यामुळे हा युक्तिवाद आपल्या मनाला चटकन पटतो.

परंतु येथे थोडे थांबले पाहिजे. योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाची कथा आहे. त्याला पाहून शिष्यांच्या मनात पहिला प्रश्न आला तो हा की, पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशूने दोन्ही पर्याय नाकारले आणि त्या माणसाला दृष्टी दिली. मधुमेही माणसाकडे पाहताना आपणही त्या शिष्यांच्याच जागी उभे असतो. त्याच्या डब्यात डोकावतो, त्याच्या पोटाच्या घेराकडे पाहतो आणि मनातल्या मनात निकाल देऊन मोकळे होतो.

हा निकाल किती उतावळा असतो, हे पुण्यातील एका संशोधनाने दाखवून दिले आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या गावांतील बाळांचे जन्मवेळचे सरासरी वजन होते सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहानखुरी आणि हडकुळी होती. त्यांचे स्नायू कमी होते. पण त्वचेखालच्या चरबीत मात्र त्या प्रमाणात घट नव्हती. ‘बारीक पण चरबीयुक्त’ अशा या बाळांच्या शरीरात पुढील आयुष्यातील मधुमेहाची बीजे असावीत, असे या संशोधनातून पुढे आले. ज्या गर्भवतींच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे जन्मतः मोठी होती. ज्यांना शेतातील आणि घरातील अंगमेहनतीची कामे अधिक करावी लागली, त्यांची बाळे लहान होती.

याचा अर्थ काय होतो? पन्नाशीत रक्तातील साखर वाढलेल्या एखाद्या माणसाच्या आजाराची सुरुवात कदाचित त्याच्या पहिल्या जिलेबीच्या किती तरी आधी, त्याची आई उपाशीपोटी डोक्यावर ओझे वाहत होती तेव्हाच, झालेली असू शकते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. या सर्वांच्या जिभा सैल सुटल्या होत्या, असे कोण म्हणेल? आणि समजा, त्यांच्यातील काहींनी खरोखरच अविचाराने खाल्ले, तरी काय? पाय घसरून पडलेल्या माणसाला उचलण्याआधी तो दारू प्यायला होता की नाही याची चौकशी करणारा माणूस चांगला शोमरोनी होऊ शकत नाही. औषध देण्याची जागा हे न्यायालय नव्हे. पुढेमागे असे जिवाणू सुरक्षित आणि गुणकारी ठरले, तर ते रुग्णाला मिळालेच पाहिजेत, आणि त्याने ते कोणत्याही अपराधी भावनेशिवाय घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग या विषयात काळजी करण्यासारखे काहीच उरत नाही काय? उरते, आणि ते बीड जिल्ह्याने आपल्याला शिकवले आहे.

२०१९ साली एक बातमी देशभर गाजली. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांपैकी अनेकींची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आली आहेत, असे उघडकीस आले. राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ महिलांची माहिती घेण्यात आली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. त्यांतील काही शस्त्रक्रिया आवश्यक असतीलही. पण एवढ्या संख्येचा उलगडा केवळ आजाराने होत नाही. फडात न्हाणीघर नाही, शौचालय नाही. पहाटेपासून मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या. एका दिवसाचा खाडा पडला तर मजुरी बुडून वर दंड, आणि उचल फिटली नाही तर पुढचे वर्ष गहाण. अशा स्थितीत पोटात दुखू लागले की डॉक्टरांकडे जायचे, आणि ‘पिशवी काढून टाका, कटकट संपेल’ हा सल्ला ऐकायचा. पाळीही थांबते, खाडाही पडत नाही.

या घटनेत वैद्यकशास्त्राने नेमके काय केले, याचा शांतपणे विचार करावा. शस्त्रक्रिया हे तंत्र वाईट नाही. त्याने लक्षावधी स्त्रियांचे प्राण वाचवले आहेत. पण येथे कामाची पद्धत बदलण्याऐवजी स्त्रीचे शरीर बदलण्यात आले. फडात पाणी आणि आडोसा हवा होता, गरोदर आणि आजारी बाईला हक्काची विश्रांती हवी होती. ते देणे कठीण होते, खर्चाचे होते, त्यासाठी अनेकांना आपापल्या सवयी बदलाव्या लागल्या असत्या. शस्त्रक्रिया सोपी होती. तिचा खर्चही त्या बाईनेच सोसला. उपाय जेव्हा अन्यायाच्या जागी बसतो, तेव्हा तो उपाय राहत नाही. अन्यायच मग अधिक काळ टिकतो.

बदललेल्या जिवाणूंबाबत मला भीती आहे ती हीच. माणूस खादाड होईल याची मला तितकीशी भीती वाटत नाही. आपण कारण विचारायचे सोडून देऊ, ही खरी भीती आहे.

एक साखळी डोळ्यांपुढे आणावी. कोयता चालवणारी गर्भवती आई अर्धपोटी राहते. तिच्या पोटी अशक्त बाळ जन्मते. ते बाळ मोठे होऊन गावात किंवा शहरात स्वस्त साखर, स्वस्त तेल आणि मैद्यावर पोसले जाते. चाळिशीत त्याला मधुमेह जडतो. मग त्याच्यासाठी जिवाणूयुक्त दह्याचा महागडा डबा बाजारात येतो. पुण्याजवळचा तो अभ्यास ऊसतोड कामगारांचा नव्हता, आणि प्रत्येक घरात ही साखळी अशीच घडते असे माझे म्हणणे नाही. पण अर्धपोटी आई, जड काम आणि लहानखुरे बाळ यांचे नाते आता पुरेसे स्पष्ट आहे. त्या डब्यातील जिवाणू साखळीची शेवटची कडी तोडतो. पहिली कडी जिथल्या तिथे राहते, आणि तिच्यातून दरवर्षी नवे रुग्ण तयार होत राहतात. त्या आईनेच तोडलेल्या उसाची साखर, आणि त्या साखरेचा उतारा तिच्याच मुलाला विकत घ्यावा लागतो! शेवटच्या कडीवर उपचार करणे हे दयेचे काम आहे. पण त्याच्या आडोशाने पहिली कडी विसरणे हा अपराध आहे, आणि तो जिवाणूंचा किंवा शास्त्रज्ञांचा नसून आपणा सर्वांचा आहे.

पहिल्या कडीवरचा उपाय कुणा प्रयोगशाळेत शोधायचा नाही. तो त्या सहा गावांच्या अभ्यासात लिहिलेलाच आहे. पालेभाजी, फळ, दूध, आणि गरोदरपणी हलके काम. त्यात पेटंट घेण्यासारखे काही नाही, म्हणून त्याची जाहिरातही होत नाही.

पेटंटवरून आणखी एक गोष्ट आठवते. जिवंत जिवाणूवर कुणाचा मालकी हक्क असू शकतो काय, हा प्रश्न १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. तेल खाऊन टाकणारा तो जिवाणू आनंद मोहन चक्रवर्ती या मूळच्या बंगाली शास्त्रज्ञाने घडवला होता. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने मालकी मान्य केली, आणि त्या निकालाने पुढच्या साऱ्या जैव-उद्योगाची वाट मोकळी केली. संशोधकाला त्याच्या श्रमाचे मोल मिळावे, हे न्याय्यच आहे. मजूर आपल्या मजुरीला पात्र आहे, हे तत्त्व प्रयोगशाळेतील मजुरालाही लागू पडते. पण ज्या दिवशी असे विरजण शेजारणीला देणे हा गुन्हा ठरेल, त्या दिवशी आपण काहीतरी मोलाचे गमावलेले असेल. औषध म्हणून दिलेला जिवाणू कुणीही कुणाला वाटून द्यावा असे मी सुचवीत नाही. त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला आणि शासनाची देखरेख हवीच. परंतु त्याची किंमत ठरवताना, ज्यांच्या श्रमातून साखर येते आणि ज्यांच्या शरीरात तिचा सर्वाधिक मार बसतो, त्यांना ती परवडेल काय, हा प्रश्न पहिल्या ओळीत असावा. सरकारी दवाखान्यात इन्सुलिन मिळण्यासाठी ज्याला खेटे घालावे लागतात, त्याला हे नवे विरजण कोण देणार?

वाचकहो, आपण सामान्य कुटुंबातील माणसे. जनुके बदलणे आपल्या हाती नाही आणि कायदे करणेही नाही. तरी काही गोष्टी आपल्या हाती आहेत. घरात मधुमेही असेल तर त्याला दोषी न धरता त्याच्यासोबत ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी आपणही खाणे आपल्या हाती आहे. पथ्य एकट्याने पाळायचे असले की ती शिक्षा वाटते. सगळ्या घराने पाळले की तो संसाराचाच भाग होतो. आपल्या गावात हंगामावरून परतलेल्या कुटुंबात कुणी गर्भवती आहे काय, तिची नोंद अंगणवाडीत झाली आहे काय, तिच्या ताटात भाकरीसोबत काय आहे, याची चौकशी आपल्या भगिनी करू शकतात. तिला गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यासाठी तिच्याबरोबर अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जाण्याला एका दिवसापलीकडे काही लागत नाही.

उपवासकाळात आपल्यापैकी पुष्कळ जण चहातील साखर सोडतात. चाळीस दिवस संपले की ती पुन्हा सुरू होते, वजन थोडे उतरलेले असते, आणि आपण समाधानी असतो. पण ख्रिस्तसभेच्या जुन्या परंपरेत उपवास आणि दानधर्म ही जुळी भावंडे आहेत. आपल्या ताटातून जे उतरले, ते कुणाच्या तरी ताटात पडले पाहिजे. सोडलेल्या साखरेचे पैसे बाजूला काढून त्यांतून एखाद्या गर्भवतीला रोज पेलाभर दूध मिळाले, तर ती त्या साखळीच्या पहिल्या कडीवर केलेली प्रार्थना ठरेल. योगायोग असा की, उपवासकाळ संपतो त्याच सुमारास बीडच्या गावांत कुलपे उघडू लागतात.

त्या वेळी एखादी बाई वाटी घेऊन आपल्या दारात आली, तर तिला विरजण अवश्य द्यावे. आणि ते लावायला घरात दूध आहे ना, एवढे तिला विचारावे.